रॉबिन विल्यमसन, भाराभर वाद्यं आणि माझे गुरुजी

जोड_आणि_झाला:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सतार शिकते, सहावं वर्ष चालू आहे. वय बावीस. गेल्या महिन्यात मावसभावाने 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर' ऐकवला. १९६८ सालचा, इनक्रेडिबल स्ट्रिंग बँड नावाच्या स्कॉटलंडच्या मंडळींचा. तेव्हापासून दुसरं काही कानाला लागतच नाहीये. सतार आहे, बासरी आहे, ऑर्गन आहे, एका गाण्यात तर खरंखुरं पाणी खळखळतं. श्रेयनामावलीत रॉबिन विल्यमसनच्या नावापुढे वाद्यांची रांगच लागली आहे: गिटार, गिंब्री, पेनी व्हिसल, पॅनपाइप, पियानो, उद, मँडोलिन, मोरचंग, माउथ ऑर्गन. आणि 'चहनाई' असंही छापलंय, म्हणजे आपली शहनाईच ना?

फार उत्साहाने गुरुजींना ऐकवायला गेले. दोन-तीन मिनिटं ऐकून त्यांनी बंद करायला सांगितलं. म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या. एका सतारीला जन्म पुरत नाही, आणि यांनी दहा वाद्यं एका दुपारी उरकली." त्यात त्यांना मागच्याच आठवड्यात कळलं होतं की मी चोरून दिलरुबाही शिकते. त्यामुळे तो शेरा दोघांनाही होता.

गुरुजींचं चुकलं असं मला म्हणता येत नाही आणि गाणी डोक्यातून जात नाहीत. म्हणून विचारते. या विल्यमसनचं पुढे काय झालं? त्याने कुठलं एखादं वाद्य शेवटपर्यंत नेलं का? आणि पुढे ऐकायचं तर कुठून सुरू करू?

दुसरी_बाजू:

१९६७ आणि १९६८ ऐका, पुढचं सोडून द्या. जुलै ६७ला 'द ५००० स्पिरिट्स ऑर द लेयर्स ऑफ द अनियन', मार्च ६८ला तुम्ही ऐकलेला, नोव्हेंबर ६८ला 'वी टॅम अँड द बिग ह्यूज' ही जोडतबकडी. दीड वर्षाच्या आत इतकं काम. त्यानंतर ही मंडळी सायंटॉलॉजी या पंथात गेली आणि गाण्यातली धास्ती, गूढ, सगळं हळूहळू निघून गेलं. १९७४ला बँड मोडला तेव्हा माझ्या मते बरंच आधी संपलेलं प्रकरण अधिकृतपणे संपलं. आणि कृपा करून बँडमधल्याच माइक हेरनला विसरू नका. तुम्हाला आवडलेल्या त्या तबकडीवरचं तेरा मिनिटांचं 'अ व्हेरी सेल्युलर साँग' त्याचं आहे, विल्यमसनचं नव्हे.

जवारी:

ताई, तुझं वय बावीस म्हणतेस म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. मी मिरजेचा. आमच्या घरात सतारी-तंबोऱ्यांचं काम. वडील जवारी काढायचे, म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार जमवायचे, मी दुरुस्ती जास्त करतो. १९८७च्या सुमारास एक स्कॉटिश विद्यार्थी सतार न्यायला आला होता. काम होईपर्यंत तीन आठवडे मिरजेत राहिला आणि जाताना दोन कॅसेटी आमच्याकडे ठेवून गेला. त्यातली एक '५००० स्पिरिट्स'. मला तेव्हा इंग्रजी गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं. कानाला फक्त वाद्य आणि गळा कळायचा, आणि म्हणूनच बहुतेक मला विल्यमसन त्या बाजूने समजला. ती कॅसेट झिजून गेली, पण तो माणूस काही माझ्या कानातून गेला नाही.

आधी एक दुरुस्ती. तुझ्या त्या तबकडीवरची सतार हेरनची आहे. विल्यमसनच्या यादीत ती नाही. आणि तिथे सतार रंगापुरती आहे, राग मांडायला नाही. गुरुजींना ते खुपलं असेल तर बरोबरच आहे. पण त्याच्या आदल्या वर्षीच्या तबकडीवर 'द मॅड हॅटर्स साँग'मध्ये जी सतार आणि तंबोरा आहे, ती वाजवणाऱ्याचं नाव नुसतं 'सोमा' असं छापलंय. ते नाझिर जैराजभॉय. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. उत्तर हिंदुस्थानी रागांच्या रचनेवर त्यांचं १९७१चं पुस्तक आहे आणि त्या पुस्तकासोबतच्या ध्वनिमुद्रणात सतार खुद्द विलायत खाँसाहेबांची आहे. एवढं गुरुजींना सांगून बघ. तंबोऱ्याला बसवायला यांनी चांगला जाणकार माणूस बोलावला होता.

आता मूळ मुद्दा. विल्यमसनचं मुख्य वाद्य गळा. हे एकदा धरलं की ती यादी चिंध्यांची वाटत नाही.

त्याचं गाणं ऐक. ओळ सरळ चालत नाही. एका अक्षरावर थांबतो, घसरतो, वरच्या स्वराला नुसता स्पर्श करून खाली येतो, मधेच लय सोडून बोलायला लागतो, परत पकडतो. आपण मींड म्हणू, हरकत म्हणू. स्कॉटलंडच्या भटक्या गायकांमध्ये अशी लांब, विनासाथ गाण्याची रीत आहे. जीनी रॉबर्टसनसारख्या त्या परंपरेतल्या गायिका त्याने ऐकलेल्या होत्या. असा गळा आणि सोबतीला गिटार, म्हणजे पडदे ठोकून बसवलेलं वाद्य. गळा दोन पडद्यांच्या मधे जातो, गिटारीला तिथे जाता येत नाही.

आता यादी पुन्हा वाच. गिंब्रीला पडदे नाहीत. उद या अरबी तंतुवाद्याला नाहीत. यादीत नसलेल्या त्याच्या फिडललाही, म्हणजे व्हायोलिनला, नाहीत. पेनी व्हिसलवर भोक अर्धं झाकून स्वर सरकवता येतो, शहनाईवर तर तेच सगळं काम. म्हणजे यातली बरीच वाद्यं गळ्याच्या मागे जिथे जाईल तिथे जाणारी आहेत. पियानो आणि मँडोलिन यात बसत नाहीत हे कबूल. पण बाकीची निवड कानाने केलेली आहे, आणि तो कान एकाच गोष्टीच्या शोधात होता.

गिंब्रीचं थोडं जवळून सांगतो, कारण ते मी हातात धरलंय. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मुलाने मोरोक्कोहून आणलेलं गिंब्री माझ्याकडे दिलं, "काका, वाजतच नाही" म्हणून. एका लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेली लांबट पेटी, वर उंटाचं कातडं ताणलेलं. दांडी म्हणजे गोल काठी, ती कातड्याखालून आत जाते. तीन तारा आतड्याच्या. खुंट्या नाहीतच. तारा दांडीला चामड्याच्या वादीने गुंडाळलेल्या, ती वादी मनगटाच्या जोराने वर-खाली सरकवायची की स्वर लागतो. जुलैचा महिना होता. कातडं ओल्या पापडासारखं झालं होतं, तारेवर बोट मारलं की नुसतं 'डब'. मी शेगडी पेटवून लांबून शेक दिला, डग्ग्याला देतो तसा, फिरवत फिरवत. दहा मिनिटांनी असा खोल, पोटातून आलेला आवाज निघाला की दुकानातला पोरगा हातातली कानस ठेवून उठून आला.

हे वाद्य मोरोक्कोत बोटांनी छेडतात. ग्नावा लोकांचं रात्र-रात्र चालणारं वाद्य आहे. विल्यमसनने काय केलं, तर त्यावर गज ओढला. 'चायनीज व्हाइट' हे गाणं काढ. गाणं हेरनचंच, पण त्यात मागे जो करवतीसारखा, थोडा रडवेला आवाज आहे, तो गजाने वाजवलेल्या गिंब्रीचा. कातड्यावर उभी घोडी आणि वर गज, म्हणजे सारंगीची रीत झाली. आपल्या कानाला ते ओळखीचं का वाटतं त्याचं कारण हे. तुझा दिलरुबाही कातड्याचाच, गजानेच वाजणारा. तुला यांची गाणी डोक्यातून जात नाहीत यात मला काही नवल वाटत नाही.

ते गिंब्री त्याच्याकडे आलं कसं, हेही सांगण्यासारखं आहे. जन्म एडिंबरातला, नोव्हेंबर १९४३चा. तिथे बर्ट जॅन्श या गिटारवाल्याबरोबर एका खोलीत राहायचा, दोघं १९६३ला लंडनलाही जाऊन आले. मग क्लाइव्ह पामर या बँजोवाल्याशी जोडी जमली, हेरन नंतर आला. ग्लासगोच्या सॉकीहॉल रस्त्यावर पामरने रात्रभर चालणारा क्लब काढला, 'क्लाइव्हज इनक्रेडिबल फोक क्लब', आणि त्यावरून बँडचं नाव पडलं. जो बॉइड या निर्मात्याने १९६६ला पहिली तबकडी केली. त्यातलं 'ऑक्टोबर साँग' हे विल्यमसनच्या अगदी सुरुवातीच्या रचनांपैकी, आणि १९६८च्या एका मुलाखतीत बॉब डिलनने त्याची नाव घेऊन तारीफ केली. पण तबकडी आली आणि लगेच तिघं पांगले! पामर अफगाणिस्तान-हिंदुस्थानच्या वाटेला लागला. विल्यमसन मैत्रीण लिकरिश मॅकेक्नीला घेऊन मोरोक्कोला गेला. पैसे संपले तसा परत आला, तो वाद्यं घेऊन. नाव व्हायच्या वेळी माणूस उठून निघून जातो आणि परत येतो तेव्हा पदरी लाकूड-कातडं असतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

'पुढे काय झालं' हा तुझा प्रश्न. 'दुसरी_बाजू' यांचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे, ७०नंतरच्या तबकड्या मीही फारशा लावत नाही. पण १९७४ला गोष्ट संपली असं म्हणाल तर मी हात धरीन. तो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे परत शिकायला बसला. १९७६ला त्याचं फिडलच्या चालींचं पुस्तक आलं, इंग्लिश, वेल्श, स्कॉटिश, आयरिश चालींचं. पुढच्या वर्षी पेनी व्हिसल शिकवणारं पुस्तक. चिंध्या गोळा करणारा माणूस शिकवण्याची पुस्तकं लिहीत नाही. दुसऱ्याला बोट कुठे ठेवायचं हे सांगायला आधी आपलं बोट पक्कं लागतं.

आणि हार्प. तुझ्या त्या तबकडीवर 'वॉल्ट्झ ऑफ द न्यू मून'मध्ये हार्प आहे. विल्यमसनने इतकी वाद्यं वाजवली, पण ती नाही. डेव्हिड स्नेल नावाच्या हार्पवादकाला बोलावून वाजवून घेतली. म्हणजे जे येत नव्हतं ते येत नाही म्हणून दुसऱ्याकडे दिलं. १९७६ ते ७९ त्याचा 'मेरी बँड' होता, त्यात हार्पवर सिल्व्हिया वूड्स. आणि त्याच सुमाराला ते वाद्य हळूहळू त्याच्या स्वतःच्या मांडीशी आलं, ते कायमचं. पुढे तो एकटा बसून हार्पवर जुन्या केल्टिक कथा सांगायला लागला. थोडं गाणं, थोडं बोलणं, मधे तारांचा झंकार, परत कथा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातलं कीर्तन आठवलं. बुवा पद म्हणता म्हणता आख्यानात शिरतात, पेटी खाली सूर धरून ठेवते, तसंच.

आता तू म्हणशील, हार्पला तर प्रत्येक स्वराची तार ठरलेली, तिथे मींड कुठली? बरोबर. मीही त्यावर खूप विचार केला. पण हार्पची तार एकदा छेडली की विरेपर्यंत वाजत राहते. दहा तारा छेडल्या की खाली स्वरांची भरणी होते, तिच्यावर गळा मोकळा. म्हणजे तंबोऱ्याचं काम. तरुणपणी गळ्यामागे धावणारी वाद्यं शोधली आणि वय झाल्यावर गळ्याखाली स्थिर राहणारं धरलं. माझ्या समजुतीप्रमाणे ही त्याची सगळी कारकीर्द.

म्हातारपणचं ऐकायचं तर ईसीएम या म्युनिकच्या कंपनीने काढलेल्या चार तबकड्या आहेत. २०००ची 'द सीड-ॲट-झीरो', त्यात वेल्श कवी डिलन टॉमसच्या कविता. २००२ची 'स्कर्टिंग द रिव्हर रोड', ब्लेक, व्हिटमन वगैरे. २००६ची 'द आयर्न स्टोन'. आणि २०१४ची 'ट्रस्टिंग इन द रायझिंग लाइट', म्हणजे सत्तरी ओलांडताना केलेली. शेवटच्या दोन्हींत मॅट मनेरी नावाचा व्हायोलावाला आहे, तो स्वरांच्या मधल्या जागा इतक्या बारीक घेतो की आपल्या माणसाने ऐकावंच. गळा आता खरखरतो. पण जागा त्याच आहेत. १९६७ला ज्या जागी घसरत होता त्याच जागी घसरतो, फक्त सावकाश.

पश्चिमवारा:

'जवारी' काका, तुमच्या ओल्या कातड्यावरून वूडस्टॉक आठवलं, अमेरिकेतला तो मोठा संगीत-मेळा. १५ ऑगस्ट १९६९, शुक्रवार संध्याकाळ, इनक्रेडिबल स्ट्रिंग बँडची वेळ होती. पाऊस आला. ओल्यात विजेची वाद्यं घेऊन चढायला हे तयार झाले नाहीत. त्यांच्या जागी मेलनी नावाची पोरगी एकटी गिटार घेऊन चढली आणि त्या रात्रीने तिचं नाव झालं. हे दुसऱ्या दिवशी, शनिवारी उन्हात वाजले, पुढे-मागे दणदणीत ब्लूज-रॉकवाले. लोकांना नाचायचं होतं. गाजलेल्या चित्रपटात यांचा एक तुकडाही नाही. जो बॉइडने आपल्या आठवणींत याची हळहळ लिहिली आहे, की त्या संध्याकाळी नुसत्या गिटारींवर का होईना, यांना ढकलायला हवं होतं.

मी कार्डिफला राहते, विल्यमसनही बरीच वर्षं इथलाच. काही वर्षांपूर्वी एका छोट्या हॉलमध्ये त्यांना ऐकलं, पत्नी बिना यांच्यासोबत. फार तर साठ खुर्च्या. मी दुसऱ्या रांगेत होते. सुरुवातीला ते बराच वेळ हार्प लावत बसले, लावता लावता बोलत होते, आणि एका क्षणी लक्षात आलं की गोष्ट सुरू होऊन पाच मिनिटं झाली आहेत. कुठे संपलं लावणं आणि कुठे सुरू झाली गोष्ट, मला सांगता येणार नाही. माझी आई तेव्हा डोंबिवलीहून आली होती. तिला इंग्रजी कथा जेमतेम कळली असेल, पण ती शेवटपर्यंत हात जोडल्यासारखी बसून होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हातारबाबांचा सूर पक्का आहे."

दुसरी_बाजू:

पडद्यांचा मुद्दा मला सुचला नव्हता. पण मग हेरनचं काय? त्याची सतार, हार्प्सिकॉर्ड, ऑर्गन यांना हे लागू होत नाही. तरी गाणी तितकीच विलक्षण आहेत. तुमच्या मांडणीत तो नुसता सोबती होऊन बसतो, आणि ते अन्यायाचं आहे. आणि बँडमधल्या लिकरिश व रोझ सिम्पसनचं तर कोणी नावच नीट घेत नाही. रोझ बँडमध्ये आल्यावर बास शिकली, आणि वूडस्टॉकच्या मंचावर तीही होती.

जवारी:

हेरनच्या बाबतीत तुमचं खरं आहे. माझा सगळा जीव गळ्यात आणि तारेत, त्यामुळे मी विल्यमसनकडे झुकतो. हेरनचं गाणं उभं राहतं ते रचनेवर. 'सेल्युलर साँग'मध्ये तो बहामाचं एक जुनं भजन उचलून मधे बसवतो आणि त्याभोवती स्वतःच्या पाच-सहा चाली गुंफतो. ते काम वेगळं आहे, आणि दोघांपैकी एकट्याला ही तबकडी करता आली नसती. ती ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली होती, तीही दोघांमुळेच. त्यांच्या आवाजातही गंमत आहे. एक सरळ, मोकळा, आणि दुसरा भोवती वेल चढल्यासारखा.

ताई, ऐकायचा क्रम सांगायचा राहिला. आधी 'ऑक्टोबर साँग', नुसती गिटार आणि गळा. मग 'चायनीज व्हाइट'. मग तुझीच तबकडी पुन्हा, पण या वेळी फक्त गळ्यामागून जा, वाद्यं मोजू नकोस. मग एकदम २०१४. मधलं नंतर सावकाश.

आणि दिलरुबा गुरुजींपासून लपवू नकोस. समोर बसून सांग. लपवलेलं वाद्य मनासारखं वाजत नाही, मी घरात हे पाहिलंय. माझा धाकटा भाऊ वडिलांच्या चोरून व्हायोलिन वाजवायचा, कायम दबक्या गजाने. वडील गेले तरी त्याचा गज मोकळा झाला नाही.

जोड_आणि_झाला:

काका, तुमचं उत्तर कालपासून चार वेळा वाचलं. आज क्लासला गेले तेव्हा दिलरुब्याचं सांगून टाकलं. गुरुजी काही बोलले नाहीत. पाच मिनिटं माझ्याकडून नुसता सा लावून घेतला. मग म्हणाले, "पुढच्या वेळी घेऊन ये, कोणाकडून काय शिकतेस ते बघू."

निघताना मी भीत भीत 'चायनीज व्हाइट' लावलं. सांगितलं काहीच नाही. दोन ओळी झाल्यावर त्यांनी हात वर केला, मला वाटलं बंद करायला सांगतायत. म्हणाले, "मागे घे. मागे गज आहे तो सारंगीचा नाही. कशाचा आहे?"

मी गिंब्री म्हणाले, पण पुढे सांगायला मी ते वाद्य पाहिलेलंच नाही. फोटो दाखवले तर म्हणतात फोटोवरून काय कळणार.

जवारी:

त्या मुलाला मध्येच परदेशी नोकरी लागली, त्यामुळे ते गिंब्री अजून माझ्याकडेच आहे. त्याला विचारून घेतो, नाही म्हणणार नाही. गुरुजींना घेऊन मिरजेला या. सकाळच्या गाडीने आलात तर दुपारपर्यंत ऊन असतं, कातडं चांगलं ताणलेलं मिळेल. दिलरुब्याचा गज सोबत आण, माझ्याकडचे सगळे सारंगीचे आहेत आणि ते त्याला जड पडतात.